आगबोटीचं इंजिन निवडताना

मी आगबोटीची छोटी प्रतिकृती आधी बांधली आणि तिचं इंजिन नंतर शोधायला निघाले. हा क्रमच उलटा होता, हे कळायला मला दोन वर्षं लागली. आता तिसरा हंगाम चालू आहे, बोट दर रविवारी तळ्यावर तास-दीड तास चालते. म्हणून ही सगळी वाट लिहून ठेवते आहे. बाजूला चाकं असलेल्या, खऱ्या वाफेवर चालणाऱ्या छोट्या बोटीबद्दल मराठीत वाचायला मला तेव्हा काहीच मिळालं नव्हतं.

आम्ही इंग्लंडमध्ये रेडिंगजवळ राहतो. २०१७ च्या उन्हाळ्यात डेव्हन भागात फिरायला गेलो असताना डार्टमथला ‘किंग्जवेअर कॅसल’ नावाच्या बोटीत बसले. १९२४ ची बोट, अजून कोळशावर चालणारी, दोन्ही बाजूंना चाकं. तिचं इंजिन तर तिच्याहूनही जुनं आहे. याच नावाची आधीची बोट १९०४ ची होती, तिच्यातलं इंजिन काढून हिच्यात बसवलं. डेकवरून खाली वाकलं की ते चालताना दिसतं. तिरपी ठेवलेली दोन सिलिंडर, एक लहान, एक मोठं, आणि त्यांचे दांडे सावकाश पुढे-मागे जाणारे. मी स्वतः यंत्र अभियंता आहे, पण इतकं मोठं लोखंड इतक्या शांतपणे हलताना मी पाहिलं नव्हतं. बाकीचे किनारा बघत होते आणि मी पूर्ण फेरीभर त्या कठड्याला टेकून खाली बघत होते.

घरी येऊन १:२४ प्रमाणात तशीच बोट करायला घेतली. लांबी जवळजवळ दीड मीटर, तळ सपाट, पाण्यात फक्त चार सेंटिमीटर बुडणारी. सांगाड्यावर लाकडी पट्ट्या चिकटवून बोटीचं कवच उभं करायला एक अख्खा हिवाळा गेला. त्या कामाबद्दल इथे फार लिहीत नाही, ते शिकवणारे पुष्कळ आहेत. चाकं मात्र मी मनापासून केली, तेरा सेंटिमीटर व्यासाची, आठ फळ्यांची. पुष्कळ खऱ्या बोटींत असतं तसं, प्रत्येक फळी आपल्या खिळीवर फिरते आणि पाण्यात शिरताना जवळजवळ उभी राहते. फळी पक्की बसवलेली असेल तर ती पाण्यावर थापटी मारत शिरते आणि बाहेर येताना पाणी वर उचलते. त्यात ताकद वाया जाते.

मग इंजिन. तळ्यावर छोट्या बोटी चालवणाऱ्यांचं मंडळ आहे, त्यात एकाने जुनं विकायला काढलं होतं, मी घेतलं. एकच सिलिंडर, तेही डुलणारं. म्हणजे दट्ट्याचा दांडा थेट क्रँकला, दट्ट्याची ये-जा गोल फिरण्यात बदलणाऱ्या वाकड्या दांड्याला, जोडलेला आणि सिलिंडर स्वतःच खिळीवर इकडून तिकडे झुलतं. झुलताना त्याचं भोक कधी वाफेच्या भोकासमोर येतं, कधी बाहेर जाण्याच्या. वेगळा व्हॉल्व्ह नाही, त्यामुळे बिघडण्यासारखंही फार काही नाही. टेबलावर ते सुंदर चालायचं, मिनिटाला आठशे-नऊशे फेरे. मी ते थेट चाकांच्या दांड्याला जोडलं.

पाण्यात सोडल्यावर चाकांनी नुसता फेस केला. बोट जागची हलेना. वाफ कमी केली तर एका ठरावीक क्षणी इंजिन थांबायचं आणि पुन्हा बोटाने चाक फिरवल्याशिवाय सुरू व्हायचं नाही. दट्ट्या टोकाला आणि क्रँक त्याच रेषेत आला की वाफ कितीही ढकलो, फिरवणारा जोर शून्य. एका सिलिंडरच्या इंजिनाला हे मृत बिंदू चुकवता येत नाहीत. तिसऱ्या दिवशी ते तळ्याच्या मध्यावर थांबलं, आणि तिथे हाताने चाक फिरवायला कोण जाणार? वारा बोट काठाला लावेपर्यंत मी पाऊण तास उभी होते.

जास्त दाब देऊन बघितला तर झुलतं सिलिंडर आपल्या बैठकीवरून उचललं जाऊन फुसफुस करायला लागलं. त्याला फक्त एक स्प्रिंग दाबून धरते. स्प्रिंग घट्ट केली की गळती थांबते पण घर्षण वाढतं. साधारण दोन बारच्या (एक बार म्हणजे जवळजवळ हवेच्या दाबाइतका दाब) पुढे या जातीच्या लहान इंजिनाकडून काम करून घेणं कठीण जातं.

म्हणून डुलतं सिलिंडर म्हणजे खेळणं, असं मात्र कुणी समजू नये. जर्मनीत ड्रेस्डेनला एल्बे नदीवर ‘डिसबार’ नावाची चाकांची बोट आहे, तिच्यात लंडनजवळच्या ग्रिनिचच्या जॉन पेन यांच्या कारखान्यातलं १८४१ चं डुलत्या सिलिंडरचं इंजिन आहे. इंग्लिश अभियंता ब्रुनेल याच्या प्रचंड ‘ग्रेट ईस्टर्न’ची चाकं फिरवणारी इंजिनंही डुलत्या सिलिंडरचीच होती. हीच ‘ग्रेट ईस्टर्न’ १८७० मध्ये मुंबईपासून एडनपर्यंत समुद्राच्या तळाशी तारायंत्राची केबल टाकायला आली होती. बुटक्या जागेत मावतं, सांधे कमी लागतात, म्हणून चाकांच्या बोटींना ही रचना फार मानवली. ती वाईट नव्हती. माझ्या चाकांना नको होती, इतकंच.

तेव्हा मी वही काढली आणि हिशेब चाकापासून सुरू केला. हे मी आधी करायला हवं होतं.

खऱ्या बोटीचं चाक मिनिटाला चाळीसेक फेरे मारतं असं धरू. प्रतिकृती १:२४ असेल तर फेरे चोविसाच्या वर्गमुळाने, म्हणजे जवळजवळ पाचपट वाढतात आणि बोटीचा वेग पाचपट कमी होतो. तेव्हा माझ्या चाकाला दीडशे ते दोनशे फेरे हवेत. मी दीडशे धरले. तेरा सेंटिमीटरचं चाक दीडशे फेऱ्यांनी फिरलं की कडेचा वेग सेकंदाला एक मीटर होतो. पाणी मागे सरकतं त्यात चौथा भाग जातो, मग बोट सेकंदाला पाऊण मीटर जाईल. म्हणजे रमतगमत चालणाऱ्या माणसाइतकी. लाटेचा आकार, बोटीमागचा पट्टा, सगळं त्या वेगाला खऱ्यासारखं दिसतं. याहून जोरात नेली तर ती आगबोट न राहता पाणी उडवणारं यंत्र होते.

आता दीडशे फेरे कोण देणार? इथे दोन वाटा फुटतात आणि माझ्या मते निवडीचा सगळा गाभा इथेच आहे. मोठं इंजिन घ्या आणि ते सावकाश, थेट चाकाच्या दांड्यावर चालवा. किंवा लहान इंजिन घ्या, त्याला त्याच्या आवडीच्या वेगाने पळू द्या आणि मध्ये दात्यांनी वेग उतरवा.

मोठ्याचं उदाहरण म्हणून मी ‘स्टुअर्ट’ कंपनीचं ‘डबल टेन’ घेतलं. इथल्या हौशी मंडळींचं जुनं लाडकं इंजिन, ओतीव भाग विकत आणून स्वतः लेथवर घडवायचं. उभी दोन सिलिंडर, व्यास पाऊण इंच, फेकही (दट्ट्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत जातो ते अंतर) पाऊण इंच, म्हणजे १९ मिलिमीटर. एका सिलिंडरात एका बाजूला सव्वापाच-साडेपाच घन सेंटिमीटर वाफ मावते. वाफ दट्ट्याच्या दोन्ही बाजूंनी काम करते आणि सिलिंडर दोन, म्हणून एका फेऱ्याला साडेएकवीस. दुसरीकडे १२ मिलिमीटर व्यास आणि १२ मिलिमीटर फेकीचं दोन सिलिंडरांचं लहान इंजिन, त्याला एका फेऱ्याला साडेपाचच लागते. बरोबर चौथा हिस्सा. मग लहान इंजिन सहाशे फेऱ्यांनी चालवून चार-एकचा उतार दिला काय, किंवा मोठं थेट दीडशेने फिरवलं काय, वाफ मिनिटाला सव्वातीन लिटरच. ताकदही कागदावर सारखीच, सहा-सात वॉटच्या घरात. घर्षणात अर्धी गेली तरी उरते ती माझ्या सात किलोच्या बोटीला पुरेशी आहे.

कागदावर सारखं, पण बोटीत नाही. मोठं इंजिन सावकाश फिरतं तेव्हा प्रत्येक फटक्याला वाफेला सिलिंडरच्या थंड भिंतींशी जास्त वेळ मिळतो आणि तिचं आतच पाणी होतं. शिवाय उभं इंजिन उंच, जड, आणि सपाट तळाच्या बोटीत वजन वर गेलं की ती डुगडुगते. चाकांच्या बोटीला डुगडुग परवडतच नाही. एका बाजूला कलली की त्या बाजूचं चाक खोल बुडतं, दुसऱ्या बाजूचं वर येतं, दोन्हींचा जोर वेगळा होतो आणि बोट नाक वळवते. मोठ्या इंजिनाचं चालणं बघायला अधिक देखणं असतं, हे मी नाकारत नाही. दोन मीटरची, खोल बोट असती तर मी तेच घेतलं असतं.

चाक किती बुडावं यावरून मुंबईच्या ‘ह्यू लिंडसे’ची गोष्ट मला नेहमी आठवते. मुंबईच्या गोदीत १८२९ मध्ये बांधलेली ही चाकांची आगबोट २० मार्च १८३० ला मुंबईहून सुटली आणि महिनाभराने सुएझला पोचली. एडनपर्यंत पुरावा म्हणून तिच्यात कोळसा इतका भरला होता की माणसांच्या खोल्यासुद्धा सोडल्या नाहीत. एवढ्या भाराने बोट दबली की चाकं वाजवीपेक्षा खोल जातात, आणि कोळसा जळत गेला की हळूहळू वर येतात. सुटताना एक बोट, पोचताना वेगळीच. माझ्या बोटीत अर्ध्या तासात अडीचशे मिलिलिटर पाणी वाफ होऊन जातं. तेवढ्यानेही पाण्याची रेघ एक-दोन मिलिमीटर सरकते. म्हणून बॉयलर मी बरोबर मध्यावर, चाकांच्या दांड्याला लागून ठेवला.

शेवटी मंडळातल्या एका वयस्कर सभासदाने स्वतः लेथवर केलेलं लहान इंजिन मला दिलं. दोन सिलिंडर, आडवी, क्रँक एकमेकांना काटकोनात. एक दट्ट्या मृत बिंदूवर असेल तेव्हा दुसरा भर जोरात असतो, त्यामुळे ते कुठूनही आपलं आपण सुरू होतं. काठावर उभं राहून रेडिओने पुढे-मागे करायचं तर ही अट मी कधीच सोडणार नाही. दुसरी अट सपाट, सरकत्या व्हॉल्व्हची. गोल दट्ट्यासारखा व्हॉल्व्ह करायला सोपा आणि घर्षणाला कमी, पण सिलिंडरात पाणी साचलं तर त्याला वाट देत नाही. पाणी दाबलं जात नसल्याने काहीतरी वाकतं किंवा तुटतं. सपाट व्हॉल्व्ह अशा वेळी आपल्या बैठकीवरून किंचित उचलला जातो आणि पाणी निसटतं. उतारासाठी दातेरी पट्टा वापरला, कारण पितळी दात्यांचा खडखडाट लाकडी कवचात घुमतो आणि वाफेचा आवाज ऐकूच येत नाही.

बॉयलर मी नवा घेतला. तांब्याचा, आडवा, पाऊण फूटही लांब नाही, मधून आरपार नळी आणि नळीत गॅसचा जाळ. तो हातात आल्यावर मी बाबांना पुण्याला व्हिडिओ कॉल लावला. बाबा आयुष्यभर कारखान्यात फिटर होते. त्यांनी दोन मिनिटं नुसतं बघितलं.

“अगं, हा तर आपला बंब आहे आडवा केलेला,” ते म्हणाले.

अगदी खरं होतं. कसब्यातल्या आमच्या घरी तांब्याचा बंब होता, आजी पहाटे ढलप्या घालून तो पेटवायची. मध्ये जाळाचं नळकांडं, भोवती पाणी, वर धुराडं. तांबट आळी दोन गल्ल्यांवर, तिथली ठोकाठोक सकाळभर ऐकू यायची. फरक मोठा एकच. बंबाचं तोंड उघडं असतं, त्यात दाब साठत नाही. माझ्या बंबात अडीच बार दाब राहणार होता. म्हणून त्याचे सांधे कथलाच्या डाकाने चालत नाहीत, चांदीचा डाक लागतो. त्यावर बसणारे बुश, म्हणजे नळ्या आणि व्हॉल्व्ह अडकवायच्या आट्यांच्या कड्या, ब्राँझचे लागतात. साध्या पितळेतलं जस्त गरम पाण्याने हळूहळू निघून जातं आणि धातू बिस्किटासारखा ठिसूळ होतो. जुना बॉयलर घेणाऱ्याने हे पहिल्यांदा विचारावं.

मंडळाच्या तपासनीसाने चाचणी घेतली. इथल्या नियमात बॉयलरचं आकारमान आणि दाब यांचा गुणाकार बघतात, तो ३ बार-लिटरच्या आत असेल तर नियम सौम्य असतात. माझा दीडच्या आसपास होता, तरी त्यांनी पूर्ण पाण्याची चाचणी करून घ्यायला लावली आणि मला ते पटलं. बॉयलर काठोकाठ पाण्याने भरायचा, हवेचा एक बुडबुडाही ठेवायचा नाही, मग हातपंपाने कामाच्या दाबाच्या दुप्पट, म्हणजे पाच बारपर्यंत न्यायचं. पाणी दाबलं जात नाही, त्यामुळे सांधा फुटलाच तर नुसता ठिबका येतो, स्फोट होत नाही. हवा किंवा वाफ असती तर साठलेली सगळी शक्ती एकदम बाहेर आली असती. पुढच्या वेळी दीडपट पुरते. काटा पाच बारवर दहा मिनिटं न हलता उभा राहिला, तेव्हा मी कागद घेऊन सगळ्या सांध्यांवरून फिरवला. कागद कोरडा. त्यानंतर पेटवून वाफेवर सुरक्षा व्हॉल्व्ह तपासला. जाळ पूर्ण आणि इंजिन बंद असतानाही दाब ठरलेल्या मर्यादेच्या फार वर जाता कामा नये.

पाण्यात पहिल्या दिवशी बोट चालली. वळायला तिला खूप जागा लागते, दोन्ही चाकं एकाच दांड्यावर आहेत आणि हळू चालताना सुकाणूवर पाण्याचा झोतच येत नाही. खऱ्या बोटींचंही असंच. ग्लासगोची ‘वेव्हर्ली’, १९४६ मध्ये पाण्यात उतरलेली, समुद्रावर प्रवासी नेणारी चाकांची शेवटची आगबोट, तिचीही दोन्ही चाकं एकत्रच फिरतात. चाकं वेगवेगळी फिरवण्याची सोय ओढबोटींत असे. त्यासाठी मला दोन इंजिनं घालावी लागली असती. मी मोठं वळण स्वीकारलं.

पण आवाज बरोबर नव्हता. दोन सिलिंडर, दोन्हीकडून वाफ, म्हणजे एका फेऱ्याला चार हुंकार, सारखे. मला तीन स्पष्ट आणि चौथा दबका ऐकू येत होता. मी दोन आठवडे तेल बदललं, पट्टा सैल-घट्ट केला, काही फरक नाही. एका संध्याकाळी टेबलावर इंजिन सावकाश चालवून फोन जवळ धरला.

“बाबा, ऐका ना. तुम्हाला काही वेगळं वाटतं का?”

“लंगडतंय. हळू कर अजून.” मी वाफ आणखी कमी केली. “एकाच सिलिंडरची एकच बाजू आहे बघ. दोन्ही बाजू बिघडल्या असत्या तर इसेंट्रिक सरकलं म्हटलं असतं. व्हॉल्व्ह मध्यावर नाहीये. झाकण काढ.”

इसेंट्रिक म्हणजे दांड्यावरची ती चकती जी व्हॉल्व्हला पुढे-मागे हलवते. गॅस बंद करून, गार होऊ देऊन चार स्क्रू काढले. झाकणाखाली तो व्हॉल्व्ह, नखाएवढा. उलट्या डबीसारखा, खाली पोकळ. त्याच्या खाली तीन चिरा, कडेच्या दोन वाफेला आत नेणाऱ्या, मधली बाहेर. मी चाक हाताने फिरवलं. व्हॉल्व्ह एका टोकाला गेला तेव्हा कडेची चीर चांगली उघडली, फट मोजायच्या फीलर गेजची पाऊण मिलिमीटरची पट्टी सहज आत गेली. दुसऱ्या टोकाला पाव मिलिमीटरची पट्टीच जेमतेम गेली. एका बाजूला घास मोठा, दुसऱ्या बाजूला चिमूट. व्हॉल्व्हच्या दांड्याला तीन मिलिमीटरचे आटे होते, त्यांचा अर्धा मिलिमीटरचा पल्ला. दांडा अर्धा फेरा फिरवला की व्हॉल्व्ह पाव मिलिमीटर सरकतो. मी अर्धा फेरा दिला. आता दोन्हीकडे अर्ध्या मिलिमीटरची पट्टी सारख्याच घसटीने गेली. झाकण बसवलं, कागदी पॅकिंग तेलात बुडवून नवं घातलं, वाफ सोडली.

फोन चालूच होता. चार हुंकार, एकसारखे. बाबा काही बोलले नाहीत, टेबलावर बोटांनी तोच ताल धरला. मला तो फोनमधून ऐकू येत होता.

त्यानंतर जे बिघडलं ते माझ्या हातून बिघडलं, आणि ते सविस्तर सांगते, कारण नव्या माणसाकडून हे हमखास होतं. ऑक्टोबरमध्ये एकदा फेरी संपवून घाईने सगळं तसंच बंद करून घरी आणलं. पुढच्या वेळी पेटवलं तर बॉयलरमधून वाफेऐवजी फेसाळ पाणी इंजिनात जायला लागलं. पाण्याची पातळी दाखवणाऱ्या काचनळीत पाण्याच्या वर तपकिरी साय दिसत होती. बॉयलर गार होताना आतल्या वाफेचं पाणी होतं आणि पोकळी तयार होते. त्या पोकळीने वाफेच्या नळीतून वंगणदाणीतलं तेल उलटं बॉयलरमध्ये ओढून घेतलं होतं. तेल मिसळलेलं पाणी उकळताना फसफसतं. धुण्याच्या सोड्याच्या गरम पाण्याने चार वेळा धुतल्यावर ते गेलं. आता दाब शून्यावर आला की मी हातमोजा घालून भरण्याचं झाकण सैल करते, म्हणजे आत हवा जाते. एवढंच करायचं असतं.

वंगणदाणी हा प्रकार मला फार आवडतो. पितळी बाटली, वाफेच्या नळीला एका बारीक भोकाने जोडलेली, तेलाने भरलेली. त्या भोकातून थोडी वाफ आत शिरते, गार होऊन पाणी होते, पाणी जड म्हणून तळाशी बसतं, आणि तितकंच तेल वर सरकून नळीत जातं. हलणारा एकही भाग नाही. यात मोटारीचं तेल घालू नये, ते पाण्याशी मिसळून लोण्यासारखं होतं. वाफेच्या सिलिंडरासाठीचं वेगळं, घट्ट तेल मिळतं, मधासारखं ओघळणारं. आणि जे तेल जातं ते शेवटी बाहेर येतंच. म्हणून बाहेर पडणारी वाफ मी आधी एका डबीत सोडते. तेल आणि पाणी तिथे राहतं, धुराड्यातून फक्त वाफ जाते. तळ्यात बदकं आहेत, त्यांच्या पंखांना हे तेल लागू नये.

आता प्रत्येक फेरीनंतर पंधरा-वीस मिनिटं माझी तळ्याकाठीच जातात. गॅस बंद केला की उरलेल्या दाबावर इंजिन चालू देते, म्हणजे सिलिंडर आतून गरम आणि कोरडी होतात. कोमट असतानाच वंगणदाणीच्या तळाचं पाणी सोडते. ते थेंब थेंब येतं, मग तेलाचा पहिला काळा थेंब दिसला की स्क्रू बंद. क्रँकच्या बेअरिंगवर एकेक थेंब तेल, चाक हाताने दहा-बारा फेरे. चाकांच्या फळ्यांच्या खिळ्या पुसून कोरड्या करते, तिथे गाळ अडकतो आणि एक फळी अडली की बाकी सगळ्यांवर ताण येतो. हे घरी जाऊन करू म्हटलं की राहतं. इंजिन वापराने जितकं झिजतं त्याहून जास्त ते दोन फेऱ्यांच्या मधल्या सहा दिवसांत, आत राहिलेल्या ओलीने खराब होतं.

सुरू करतानाही घाई नको. थंड सिलिंडरात पहिली वाफ शिरते तिचं पाणीच होतं. वाफ किंचित सोडून चाक हाताने पुढे-मागे हलवत राहायचं, मागच्या डबीत पाण्याची पिचकारी थांबली आणि सुकी वाफ आली की मगच पूर्ण सोडायची. पेटवण्याआधी आणखी एक गोष्ट मी कधीच चुकवत नाही. गॅस हवेपेक्षा जड असतो, टाकी भरताना सांडलेला गॅस बोटीच्या तळाशी पाण्यासारखा साचतो. टाकी बोटीबाहेर भरायची, आणि काडी ओढण्याआधी बोट तिरपी करून पुठ्ठ्याने वारा घालायचा.

आमच्याकडचं पाणी खडूच्या टेकड्यांतलं, फार जड. किटलीत महिनाभरात पांढरा थर धरतो. बॉयलरमध्ये मी ते घालतच नाही, गाळून घेतलेलं पावसाचं पाणी वापरते. तरी वर्षातून एकदा आत थोडा क्षार दिसतोच. पहिल्या हिवाळ्यात काय घालावं म्हणून बाबांना विचारलं तर ते म्हणाले, “आजी बंबाला काय लावायची?” चिंच लावायची. बॉयलरच्या आत हात जात नाही आणि चिंचेचा चोथा बारीक नळ्यांत अडकेल, म्हणून मी लिंबूसत्त्व कोमट पाण्यात विरघळवून अर्धा तास ठेवते आणि तीन-चार वेळा साफ पाण्याने धुते. बाहेरून मात्र चिंचच. डिसेंबरमधल्या एका शनिवारी इंडियन दुकानातून आणलेली चिंच भिजत घालते, बॉयलर मोरीत घेऊन बसते आणि चोळते. काळपट तांबं हाताखाली गुलाबी होत जातं.

या वर्षी दट्ट्याच्या दांड्यांभोवतीचं पॅकिंग बदलायचं आहे. ग्राफाइटची बारीक दोरी आणून ठेवली आहे. ती कापताना टोकं तिरपी कापायची आणि जोड एकाखाली एक येऊ द्यायचे नाहीत, हे बाबांनी दोनदा सांगितलं आहे. मार्चमध्ये तळ्यावरचा बर्फ गेला की वाफ सोडून बघेन. त्या दिवशी पुण्यात संध्याकाळ असेल, फोन तिकडे आधीच उचलून ठेवलेला असेल.